फटफटीतली फट्‌फट्

रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घ्यावी की होंडाची हायनेस सीबी ३५०? दोन्हींचा तोंडवळा जुना, दोन्हींत एकच सिलिंडर. फरक आत आहे. रॉयल एनफिल्डच्या सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ८५.८, होंडाचा व्यास ७०, धाव ९०.५. धाव लांब असली की इंजिन सहसा कमी फेऱ्यांतच जोर काढतं. म्हणूनच होंडा ३० न्यूटन-मीटर टॉर्क मिनिटाला ३,००० फेऱ्यांना देते, तर एनफिल्ड २७ देते ४,०००ला. चढावर गिअर न पाडता गाडी ओढली जाते ती यामुळे.

आणि ती फट्‌फट्? फोर-स्ट्रोक इंजिनात स्फोट दोन फेऱ्यांत एकदाच होतो. मिनिटाला हजार फेऱ्या म्हणजे सेकंदाला जेमतेम आठ ठोके, कानाला सुटेसुटे ऐकू येणारे. (‘फटफटी’ हे नाव काही उगाच नाही पडलं!) या ठोक्यांनी जुन्या बुलेटच्या आरशात मागचा ट्रक थरथरायचा; आता दोन्ही गाड्यांत कंप कमी करणारा बॅलन्सर आहे, आरसा बराच शांत.

वजन मात्र एनफिल्डचं १९५ किलो, होंडाचं १८१. चिंचोळ्या पार्किंगमधून गाडी मागे ढकलताना ते चौदा किलो कमरेला कळतात. माझं मत होंडाला, कान मात्र अजून एनफिल्डकडेच.