पाहा, पारखा, करा : चर्चच्या युथ ग्रुपमधली मुलं ‘सेवा’ करतात म्हणजे नेमकं काय करतात?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे इथे लिहून काढलाय. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ तेवढे कमी केलेत.

आजचा विषय माझ्या जवळचा आहे. मी पिंपरी-चिंचवडमध्ये वाढलो, इथल्याच एका चर्चच्या युथ ग्रुपमध्ये दहावी-बारावीची वर्षं काढली, मग बीटेक केलं आणि आता सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. ऑफिसमधले मित्र विचारतात, “तुमचा तो युथ ग्रुप करतो काय? नाताळात गाणी म्हणत फिरता, तेवढंच ना?” प्रश्न रास्त आहे. बाहेरून दिसतो तो नाताळचा गोठा, कागदी चांदणी आणि गिटार. बाकीचे अकरा महिने दिसत नाहीत. तर आज त्या अकरा महिन्यांबद्दल बोलू.

आधी जागा समजून घेऊ, कारण इथली सेवा इथल्या जमिनीतूनच उगवते.

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये उभी राहिली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि मग टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉप आली. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे हाच पट्टा नाशिक रस्त्याने चाकणपर्यंत सरकला. कारखान्यांमागे माणसं आली आणि माणसांबरोबर त्यांची प्रार्थनेची भाषाही आली. अहमदनगरकडची, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची, मराठी ख्रिस्ती कुटुंबं आली. त्या भागात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं आणि ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ पासूनचं. शिवाय मराठवाड्यातले, केरळचे, तमिळ, गोव्याचे, मंगळूरचे लोक आले. म्हणून या पट्ट्यातल्या मंडळ्या बऱ्याच अंशी नोकरीसाठी गाव सोडून आलेल्यांच्या आहेत. आजोबा मल्याळममध्ये प्रार्थना करतात, शेजारच्या बाकावरच्या आजी मराठी उपासनेला येतात, आणि त्यांची नातवंडं युथ ग्रुपमध्ये अर्धी मराठी, अर्धी हिंदी बोलत एकत्र बसतात.

संख्याही लक्षात ठेवा. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती साधारण १०.८ लाख, म्हणजे एक टक्क्याच्या आत. इतक्या छोट्या समाजाची पोरं जेव्हा ‘आपल्या समाजाची सेवा’ म्हणतात, तेव्हा ‘आपला समाज’ म्हणजे कोण, हा प्रश्न पहिल्याच मीटिंगला समोर येतो. फक्त चर्चमधली माणसं, की चर्चच्या भिंतीपलीकडची वस्तीसुद्धा?

आता थोडा इतिहास. तरुणांनी गट करून सेवा करायची, ही कल्पना मोठ्यांनी वरून लादलेली नव्हती. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी आणि त्याचे मित्र गरिबांच्या घरी जाऊ लागले. त्यातून सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी झाली, आणि आज आपल्याकडच्या कितीतरी कॅथलिक धर्मग्रामांत तिच्या शाखा आहेत. १८४४ मध्ये लंडनमध्ये कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या बावीस वर्षांच्या जॉर्ज विल्यम्सने सोबत्यांना घेऊन वायएमसीए सुरू केली. दोन्ही ठिकाणी सुरुवात करणारे पंचविशीच्या आतले होते.

आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर पुण्याहून दौंडकडे जाताना लागणारं केडगाव. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून कितीतरी मुली वाचवून आणल्या आणि तिथे मुक्ती मिशन उभं राहिलं. त्या मुली नुसत्या आश्रयाला राहिल्या नाहीत. शेती, विणकाम, छापखान्यात खिळे जुळवणं अशी कामं त्या शिकल्या आणि नंतर आलेल्यांना हात देऊ लागल्या. मदत घेणारा उद्या मदत करणारा होऊ शकतो, हे तिथे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी दिसलं.

पण कारखान्यांच्या पट्ट्याला सगळ्यांत जास्त लागू पडणारी गोष्ट बेल्जियमची आहे. जोसेफ कार्डाइन, जन्म १८८२, साध्या कष्टकरी घरातला मुलगा. तो धर्मगुरू व्हायला शिकायला गेला आणि त्याच्या शाळेतले मित्र गिरण्या-कारखान्यांत कामाला लागले. सुट्टीत घरी आला तर ते मित्र त्याच्याशी धड बोलेनात. त्यांच्या दृष्टीने तो आता ‘वरच्या’ लोकांतला झाला होता. १९०३ मध्ये वडील गेले. त्यांच्यासारख्या कष्टकऱ्यांसाठीच आयुष्य घालवायचं, असं त्याने ठरवलं. पुढे ब्रुसेल्सजवळ लाकेनला त्याने शिवणकाम करणाऱ्या तरुण मुलींपासून काम सुरू केलं, आणि १९२५ मध्ये तरुण कामगारांची संघटना औपचारिकपणे उभी राहिली. तिची पद्धत तीन शब्दांत मावते : पाहा, पारखा, करा. १९६१ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी आपल्या परिपत्रकात हीच पद्धत सगळ्या चर्चसाठी सुचवली.

कार्डाइनचा मुद्दा असा, की पंधरा वर्षांच्या कामगार मुलाचं दुखणं पंधरा वर्षांच्या कामगार मुलालाच नीट कळतं. बाहेरून येऊन उपदेश करणाऱ्याला ते कळत नाही.

आता ही पद्धत आपल्याकडे कशी चालते, ते एका उदाहरणाने पाहू. उदाहरण समजावण्यापुरतं तयार केलंय, पण चाकण, मोशी, वाकडच्या बाजूला राहणाऱ्यांना ते ओळखीचं वाटेल.

समजा, डिसेंबर आलाय. ग्रुपमध्ये कुणीतरी म्हणतं, “चला, बांधकामाच्या साइटवर ब्लँकेट वाटू.” वाईट काही नाही. पण त्याच महिन्यात बँकेचे लोक येतात, कंपनीचा सीएसआर येतो, दोन मंडळंही येतात. मग एका घरात चार ब्लँकेट होतात आणि जूनमध्ये पाणी गळायला लागलं की कुणीच नसतं.

म्हणून पहिली पायरी : पाहा. दोनदा जा, वेगवेगळ्या वेळी जा. हा शिफ्टचा मुलूख आहे. सकाळी गेलात तर नाइट करून आलेला बाप झोपलेला असतो, संध्याकाळी गेलात तर आई कामावरून परतलेली नसते. काही देऊ नका, फक्त ओळख करा. नावं विचारा, गाव विचारा. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये याला रिक्वायरमेंट गोळा करणं म्हणतात. ज्याच्यासाठी बनवायचं त्याच्याशी न बोलता बनवलेलं ॲप कुणी वापरत नाही.

दोन फेऱ्यांत ग्रुपला दिसतं, की नऊ वर्षांची एक मुलगी शाळेत जातच नाही. आई म्हणते, “गावाकडच्या शाळेचा दाखला नाही, आणि वर्षही अर्धं संपलंय.”

दुसरी पायरी : पारखा. दाखल्याशिवाय खरंच प्रवेश मिळत नाही का? इथे दहावीतल्या मुलानेही कायदा उघडून बघायचा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुसार योग्य वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क त्यात आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वर्षाच्या मध्येच आलेल्या मुलालाही नाही म्हणता येत नाही. म्हणजे अडचण कायद्यात नव्हती, माहिती पोहोचलेली नव्हती. ख्रिस्ती मुलांसाठी पारखण्याची आणखी एक बाजू असते. भुकेल्याला, परक्याला, आजाऱ्याला जे केलं ते मलाच केलं, असं येशूने सांगितलंय. तर इथे ‘परका’ कोण, हे त्या मीटिंगमध्ये बोललं जातं.

तिसरी पायरी : करा. ग्रुपमधला एक मोठा माणूस, मुलीची आई आणि दोन मुलं जवळच्या महापालिका शाळेत जातात. प्रवेश होतो. मग खरं काम सुरू होतं, कारण मुलीला मराठी वाचता येत नाही. आठवड्यातून दोन दिवस, एक तास, अकरावीतली ताई तिला आणि तिच्या धाकट्या भावाला वाचायला बसवते. खर्च म्हणाल तर चार वह्या. अवघड गोष्ट एकच, ती म्हणजे दर आठवड्याला जाणं.

आणि मी स्वतः एक चौथी पायरी जोडेन : परत पाहा. तीन महिन्यांनी विचारा, ती अजून शाळेत जाते का? कुटुंब दुसऱ्या साइटवर गेलं का? आमच्या टीममध्ये दर दोन आठवड्यांनी असं मागे वळून बघतात. सेवेत ते फार कमी होतं, म्हणून तीच चूक दर डिसेंबरला नव्याने होते.

हीच रीत दुसऱ्या कामांनाही लागते. बांधकाम कामगारांची राज्य कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. त्यासाठी वय १८ ते ६० आणि वर्षात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. घरकाम करणाऱ्या मावशींसाठी २०२१ पासून ई-श्रम पोर्टल आहे. मोबाइलवर फॉर्म भरायला आजच्या पोरांइतकं चटपटीत कोण? पण इथे इंजिनिअर म्हणून माझी एक कडक सूचना. कुणाच्याही आधार कार्डाचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवू नका, ओटीपी त्या माणसालाच टाकू द्या, आणि काम झाल्यावर त्याच्यासमोर लॉगआउट करा. गरिबाच्या माहितीचीही तेवढीच काळजी घ्यायची असते.

रक्तदान शिबिर घ्यायचं असेल तर लक्षात ठेवा, रक्तदानासाठी वय किमान १८ लागतं. सोळा वर्षांचा मुलगा रक्त देऊ शकत नाही, पण नोंदणी, पाणी, बिस्किटं आणि रांग सांभाळू शकतो. पवनेच्या काठावर सफाईला जाणार असाल तर हातमोजे आणि जाड बूट हवेतच, आणि पाण्यात उतरायचं नाही.

आता दोन अवघड प्रश्न. ते टाळले तर हा भाग अर्धवट राहील.

पहिला : हे सगळं फोटोसाठी आहे का? कधीकधी असतं, खोटं कशाला बोलू? यावर एक साधा नियम चालतो. मदत घेणाऱ्याचा चेहरा स्टेटसवर टाकायचा नाही, लहान मुलांचा तर मुळीच नाही. फोटो बंद झाल्यावर किती जण येत राहतात, त्यावरून ग्रुपची खरी ताकद कळते.

दुसरा : सेवेच्या आडून धर्मांतर चाललंय का? हा प्रश्न आज प्रत्येक ख्रिस्ती मुलाच्या वाट्याला येतो, अगदी वर्गातल्या मित्राकडूनही. पंधरा वर्षांच्या पोराला तो लागतो, मनात राहतो. उत्तर रागाने देऊन भागत नाही, वागण्यातून द्यावं लागतं. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५ च्या आपल्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलंय, की प्रेम विनामूल्य असतं आणि सेवा हे लोकांना धर्मात ओढण्याचं साधन करायचं नाही. म्हणून अभ्यासवर्गात प्रार्थना नाही, पत्रकं नाहीत, पालकांना सगळं माहीत असलं पाहिजे, आणि कुणी बघायला आलं तर दार उघडं. या नियमाने वस्तीतल्या मुलांचं रक्षण होतं आणि आपल्या पोरांचंही. त्याचबरोबर दोन मोठी माणसं कायम हजर, आणि आपल्या मुलांच्या पालकांची परवानगी लेखी. ही माझ्या मते किमान अट आहे.

शेजाराचा विषय निघालाच आहे तर एक आठवण देतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. तुकोबांचं देहू आपल्या शेजारी आहे. त्यांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्कामाला येते. त्या दिवशी रस्त्यात वारकऱ्यांना पाणी द्यायला उभं राहायचं असेल, तर ख्रिस्ती मुलाला ते परक्याचं काम वाटायचं कारण नाही.

मग या सगळ्यातून त्या मुलांना काय मिळतं? दहावीचे मार्क वाढत नाहीत. पण आपल्या पट्ट्यात सोसायटीतली मुलं आणि ती सोसायटी बांधणाऱ्यांची मुलं एका भिंतीच्या दोन बाजूंना राहतात आणि एकमेकांची नावंही त्यांना माहीत नसतात. कार्डाइनला सुट्टीत मित्रांच्या डोळ्यांत दिसलेलं अंतर हेच. युथ ग्रुपने ते अंतर दर आठवड्याला एक तासाने कमी केलं, तरी पुष्कळ झालं. उद्या यातलंच कुणी सुपरवायझर होईल, कुणी एचआरमध्ये जाईल. तेव्हा समोरच्या कंत्राटी कामगाराची मुलगी कुठल्या वर्गात आहे, हा प्रश्न त्याला सुचला पाहिजे.

तुमच्या मंडळीत, धर्मग्रामात, तरुण संघात, किंवा गणेश मंडळात किंवा सोसायटीतही, यंदा काही करायचं चाललं असेल तर वाटपाची यादी करण्याआधी दोन फेऱ्या मारून या. काय दिसलं ते आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या.