किल्ली फिरवायची नाही

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीचं पहिलं काम म्हणजे ती चालू न करणं. बघायला येणारा प्रत्येकजण हेच म्हणतो की नवी बॅटरी जोडा, किल्ली फिरवा, काय होतंय ते तरी कळेल. माझा आतेभाऊ डेट्रॉइटच्या उत्तरेला रॉचेस्टर हिल्समध्ये राहतो. आम्ही त्याला दादाच म्हणतो. मोटारींच्या सुट्या भागांचं डिझाइन करण्यात त्याची सारी नोकरी झाली आणि निवृत्त झाल्यावर त्याने 1968 सालची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ घेतली. आधीच्या मालकाने ती 1980 च्या दशकात कधीतरी गॅरेजात लावली होती, ती तिथेच राहिली. दादाने गाडी घरी आणली आणि किल्ली वहिनीच्या ताब्यात देऊन टाकली.

ही गाडी जन्मालाच आली ती एका पळवाटेतून. 1963 मध्ये जनरल मोटर्सने शर्यतींतून अंग काढून घेतलं होतं, आणि मध्यम आकाराच्या गाडीत 330 घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही असा कंपनीचा दंडक होता. पॉन्टिअ‍ॅकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आलं की हा दंडक मॉडेलला लागू आहे, ग्राहकाने वरून मागवायच्या जादा गोष्टींना नाही. मग 1964 च्या टेम्पेस्ट लेमान्सवर 389 घन इंचांचं, म्हणजे जवळजवळ 6.4 लिटरचं इंजिन 'ऑप्शन' म्हणून देण्यात आलं. नाव सरळ फेरारीच्या जीटीओवरून उचललं. पहिल्याच वर्षी 32,450 गाड्या खपल्यावर दंडकाची आठवण कोणी काढणार नव्हतं. बेताच्या आकाराची गाडी, दांडगं इंजिन आणि तरुण नोकरदाराला झेपेल अशी किंमत, या मेळालाच पुढे मसल कार म्हणू लागले. 1968 पर्यंत इंजिन 400 घन इंचांचं झालं होतं आणि कागदावर ताकद होती 350 हॉर्सपॉवर.

अशा गाड्यांच्या बाजारात नकली मालही भरपूर. साध्या लेमान्सवर जीटीओची अक्षरं चिकटवणं काही अवघड नाही. म्हणून दादा आधी गाडीचा नंबर वाचत बसला. 1968 पासून तो डॅशबोर्डवर, बाहेरून काचेतून दिसेल असा असतो. सुरुवात 242 ने असेल तर ती जन्माची जीटीओ. इंजिनच्या ब्लॉकवर पुढच्या बाजूला दोन अक्षरं ठोकलेली असतात. वायर ब्रशने काजळी घासल्यावर 'वायएस' दिसलं, म्हणजे 350 हॉर्सपॉवरचं आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबरोबर आलेलं. पॉन्टिअ‍ॅक हे नावच 2010 मध्ये बाजारातून गेलं, पण कारखान्याच्या जुन्या नोंदी जपलेल्या आहेत आणि गाडीचा नंबर कळवला की मूळ बिलाची प्रत मिळते. तीही त्याने मागवली.

यानंतर उंदीर. एअर क्लीनरचं झाकण उघडलं तर आत कापूस, सीटचा काथ्या आणि अक्रोडाच्या टरफलांचा संसार. हीटरच्या पेटीतही तेच. अमेरिकेत रानउंदरांच्या लेंड्यांमधून हंताव्हायरसचा धोका असतो, त्यामुळे झाडू किंवा व्हॅक्यूम न वापरता आधी जंतुनाशक फवारून सगळं ओलं करायचं, मास्क लावायचा आणि मग पुसून काढायचं. या कामाचे फोटो कोणी मिरवत नाही.

खरी मजा इंजिनशी सुरू झाली. माझ्याकडे दिवा धरण्याचं काम होतं, आणि दिवा धरणाऱ्याला जेवढं दिसतं तेवढं काम करणाऱ्यालाही दिसत नाही, असं माझं मत आहे. दादाने आठही स्पार्क प्लग काढून भोकांतून फोनला जोडायचा बारीक कॅमेरा आत सोडला. बाकीच्या सिलिंडरांच्या भिंती करड्या आणि बऱ्यापैकी होत्या. एकात मात्र तांबूस कडं दिसलं. इंजिन ज्या क्षणी थांबलं त्या क्षणी एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो. पुढची सगळी वर्षं त्याच वाटेने दमट हवा आत जाते, आणि पिस्टन जिथे थांबलेला असतो तिथे रिंगा भिंतीला गंजाने धरून बसतात. आता नुसती किल्ली फिरवली असती तर स्टार्टरने सगळा जोर तिथेच लावला असता. रिंग तुटते, किंवा अडकलेल्या व्हॉल्व्हमुळे पुशरॉड वाकतो, आणि ज्या इंजिनचं घरच्या घरी भागलं असतं ते पूर्ण खोलावं लागतं.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळून त्याने ते सिलिंडरांत ओतलं आणि तो चक्क बागकामाला गेला. नंतर रोज संध्याकाळी क्रँकच्या पुढच्या बोल्टवर सॉकेट आणि हातभर लांब दांडा लावून हळू दाब द्यायचा. "झटका नाही मारायचा रे," हे त्याने मला इतक्यांदा बजावलं की मी दांड्याला हातच लावेनासा झालो. एका संध्याकाळी काही आवाज न होता दांडा केसभर सरकला. दादाने लगेच दांडा काढला, अजून तेल ओतलं आणि हात धुवायला गेला. मी असतो तर ओढतच सुटलो असतो.

क्रँक मोकळी झाल्यावर त्याने डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून मला रोटरकडे बघत राहायला सांगितलं. तो क्रँक किंचित पुढे-मागे करत होता. दांडा हलताना दिसत होता, पण रोटर जागचा ढिम्म हलेना. बऱ्याच अंशांनी क्रँक फिरल्यावर कुठे तो सरकला. "गेली चेन," एवढंच दादा बोलला. क्रँकवरून कॅमशाफ्ट आणि त्याच्याबरोबर रोटर फिरवते ती चेन. त्या काळी आवाज कमी व्हावा म्हणून कॅमशाफ्टच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चाकावर नायलॉनचे दात बसवत. नवेपणी हे चाक गोड चालतं. उष्णता आणि वय यांनी नायलॉन मात्र कडक होतं, मग ठिसूळ होतं. पुढचं कव्हर काढलं तेव्हा चाकाचे निम्मे दात जागेवर नव्हते. नखाने ढकलला तर आणखी एक निघून आला. जुन्या फणीच्या दातासारखा तपकिरी आणि भुसभुशीत होता तो.

निघालेले दात गेले कुठे हा पुढचा प्रश्न, आणि उत्तर ठरलेलं. ते तळाच्या ऑइल पॅनमध्ये पडतात आणि पंप तेल ओढतो त्या जाळीवर जाऊन बसतात. जाळी तुंबली की तेल बंद आणि बेअरिंग संपली. या गाडीत पॅन काढायचं तर इंजिन थोडं उचलावं लागतं, म्हणून पुष्कळजण हे काम टाळतात. दादाने शेजाऱ्याकडून चेन-पुली आणली आणि पॅन उतरवलं. जाळीला चिकटलेले नायलॉनचे तुकडे त्याने काचेच्या बरणीत भरून ठेवले आहेत. बॅटरी जोडायचा आग्रह करणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती बरणी दाखवली जाते.

सगळं परत बसवल्यावरही किल्लीची पाळी आली नाही. इतकी वर्षं कोरड्या राहिलेल्या बेअरिंगांना आधी तेल पोचायला हवं. पॉन्टिअ‍ॅकच्या इंजिनात तेलाचा पंप डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावर फिरतो. त्यामुळे डिस्ट्रिब्युटर उपसून त्या भोकात एक लांब सळई घालायची आणि ती ड्रिल मशीनने फिरवायची. इथला डिस्ट्रिब्युटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, म्हणून ड्रिलही उलटं. आधी ड्रिल मोकळं भिरभिरलं. मग एकदम त्याचा आवाज जड झाला, दादाच्या मनगटाला हिसका बसला. पंपाने तेल धरलं होतं. थोड्या वेळाने पोकळ पुशरॉडमधून चढून एकेका रॉकरवर तेल पाझरू लागलं.

बाकीच्या गोष्टी कंटाळवाण्या पण सुटका नसलेल्या. टाकीतलं पेट्रोल वार्निशच्या वासाचं झालं होतं, ते टाकीसकट उतरवलं. कार्ब्युरेटरमधलं आणि पंपातलं जुनं रबर बदललं, कारण आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबराला खातं. चारही चाकांना ड्रम ब्रेक. आतल्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, त्यामुळे हवेचा फवारा न मारता ओल्या फडक्याने पुसायचं.

गंजाबद्दल बोलायचं तर मिशिगनमध्ये गाडी बनवायचा आणि खायचा, दोन्ही धंदे शेजारीशेजारी आहेत. डेट्रॉइट शहराच्या खाली सुमारे 1,200 फुटांवर मिठाची खाण आहे, आणि हिवाळ्यात रस्त्यांवर मीठच टाकतात. दादा मागच्या मडगार्डांवर लोहचुंबक फिरवत गेला. चाकाच्या कमानीवर ते धरेना, म्हणजे आत पत्रा कमी आणि लांबीच जास्त. मागच्या काचेच्या चौकटीखाली पाणी साचतं आणि डिकीचा तळ कुजवतं, तेही इथे झालेलं होतं. हा पत्रा कापून नवा जोडायचा आहे. वेल्डिंगचा क्लास त्याने लावला आहे.

इंजिन आता चालतं. मागच्या दोरीच्या सीलमधून थेंब-थेंब तेल गळतं, त्याखाली पुठ्ठा ठेवलेला असतो. जुन्या पॉन्टिअ‍ॅकवाल्यांना त्याचं काही वाटत नाही. भांडण आहे ते रंगावरून. गाडी आज लाल आहे, पण बिलाच्या प्रतीवर व्हेर्डोरो ग्रीन लिहिलंय आणि डिकीच्या रबराखाली तो हिरवा अजून दिसतो. दादाला हिरवा हवा. वहिनीचं म्हणणं, लाल रंगही आता जुनाच झाला, तोही गाडीचा इतिहासच. मला वहिनीचं पटतं, पण दादासमोर मी बोललेलो नाही.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. त्या रस्त्यावर साठच्या दशकात पोरं याच गाड्या पळवायची. यंदा नेणार का, असं वहिनीने विचारलं. दादा गाडीखालून म्हणाला, "ब्रेकच्या नळ्यांचं टोक अजून एका ठिकाणी पाझरतंय. खुर्च्या टाकून बघायला जाऊ."