थर्मिस्टर

तापमान वाढले असता ज्याचा विद्युत् रोध झपाट्याने व ठराविक नियमानुसार बदलतो, अशा अर्धसंवाहक घटकास थर्मिस्टर म्हणतात. मँगॅनीज, निकेल, कोबाल्ट, तांबे इ. धातूंच्या ऑक्साइडांची मिश्रणे उच्च तापमानास भाजून तो मणी, चकती वा दांडी यांच्या रूपात बनवितात.

धातूंचे वर्तन वेगळे असते. धातूतील मुक्त इलेक्ट्रॉनांची संख्या जवळजवळ स्थिर असते. तापमानाबरोबर अणूंची कंपने वाढून इलेक्ट्रॉनांच्या मार्गात अडथळा येतो व रोध वाढतो. तांबे व ॲल्युमिनियम यांच्या बाबतीत ही वाढ दर अंशास सु. ०·४% असते. कपिलधारसारख्या (जि. बीड) बालाघाट डोंगरातील ठिकाणी हिवाळ्याच्या पहाटे १०° से. असलेली ॲल्युमिनियमची वीजवाहक तार उन्हाळ्यात भर दुपारी ६०° से.पर्यंत तापली, तर तिचा रोध सु. एक-पंचमांशाने वाढतो व तेवढ्याच प्रवाहासाठी वीज अधिक वाया जाते.

अर्धसंवाहकात उष्णतेमुळे अधिकाधिक इलेक्ट्रॉन विद्युत् भार वाहून नेण्यास समर्थ होतात आणि रोध घटतो. सिल्व्हर सल्फाइडाचा हा गुणधर्म मायकेल फॅराडे यांनी १८३३ मध्ये नोंदविला. २५° से.ला १०,००० ओहम रोध असलेल्या नेहमीच्या थर्मिस्टराचा रोध ५०° से.ला सु. ३,६०० ओहम होतो. (बेरियम टिटॅनेटाच्या काही थर्मिस्टरांत मात्र विशिष्ट तापमानापुढे रोध एकदम वाढतो.) याउलट ०° से.ला १०० ओहम असलेली प्लॅटिनमाची तार १००° से.ला केवळ १३८·५ ओहम होते. पण तिचे स्थैर्य थर्मिस्टरास सहसा साधत नाही.

खोल विवरांतील तापमापनात थर्मिस्टराचा विशेष उपयोग होतो. शेकडो मीटर लांबीच्या तांब्याच्या केबलीचा रोधही तापमानाने बदलतो. परंतु थर्मिस्टराच्या हजारो ओहमांपुढे तो नगण्य ठरतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी (जि. लातूर) भूकंपानंतर तेथील भूकवचाची औष्णिक स्थिती जाणून घेणे निकडीचे झाले, कारण खडक किती खोलीपर्यंत ठिसूळ राहून भंग पावू शकतो, हे त्याच्या तापमानावर अवलंबून असते. किल्लारी येथील ६१७ मी. खोल विवरात बेसाल्टाचा थर सु. ३३८ मी. आढळला, त्याखाली प्राचीन स्फटिकी खडक आहे. खोलीबरोबर होणारी तापमानवाढ व खडकांची उष्णता संवाहकता यांवरून काढलेला उष्णता प्रवाह दर चौ.मी.ला सु. ४३ मिलिवॉट, म्हणजे प्राचीन ढालक्षेत्रांत सामान्यतः आढळतो तेवढाच, निघाला.

मापनासाठी सोडलेल्या प्रवाहाने थर्मिस्टर स्वतःच तापतो, म्हणून प्रवाह अत्यल्प ठेवतात. तसेच कालांतराने रोध किंचित ढळत असल्याने त्याचे अंशांकन पुनःपुन्हा करावे लागते.