फोन कट झाला, मोटर चालूच

खान्देशात विहिरीवरच्या मोटरीला हल्ली मोबाइल स्टार्टर बसवतात. रात्रीची थ्री फेज लाइट आली की शेतकरी घरूनच फोन लावतो आणि मोटर सुरू होते. मग फोन कट झाला तरी केळीचं पाणी थांबत नाही.

दूरच्या संगणकावर काम करणाऱ्याला मात्र असा भरवसा नसतो. समजा, जळगावचा एखादा संशोधक विद्यार्थी पुण्याच्या ‘आयसर’मधल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकावर काम करतो आहे. २०१९ साली सुरू झालेलं हे यंत्र ‘सी-डॅक’ने उभारलं. रांगेत लावलेलं गणित तिथे आपलं आपण चालतं. पण रेणूचं चित्र फिरवून पाहण्यासाठी उघडलेली खिडकी इकडची लाइट गेली, राउटर विझला, की नाहीशी होते. नुसती खिडकी नाही, तिच्यामागचा प्रोग्रामही मरतो.

याचं मूळ १९८४ मध्ये आहे. अमेरिकेतल्या एमआयटीत तेव्हा ‘एक्स विंडो’ ही व्यवस्था जन्मली. तिच्यात प्रोग्राम चालतो पुण्यात, पण त्याच्या खिडक्या, बटणं, अक्षरं काढण्याचं काम जळगावच्या संगणकाकडे असतं. गंमत म्हणजे या व्यवस्थेत ‘सर्व्हर’ म्हणतात तो आपल्या टेबलावरचा संगणक! तोच दिसेनासा झाला की चित्र काढायचं कुठे, हे प्रोग्रामला कळत नाही आणि तो बंद पडतो.

नुसत्या अक्षरांवर चालणाऱ्या प्रोग्रामचा प्रश्न आधीच सुटला होता. टेलिफोनवरून संगणक जोडायचे त्या काळात फोन ठेवला गेला की प्रोग्रामला ‘हँग-अप’ असा इशारा जाई आणि तो थांबे. तो इशारा कानाआड करायला ‘नोहप’ आलं. १९८७ मध्ये आलेल्या ‘स्क्रीन’ने तर सोडलेलं काम पुन्हा जोडून घ्यायची सोय केली. ‘टीमक्स’ हा त्याचाच नवा भाऊबंद.

चित्रांच्या प्रोग्रामसाठी युक्ती तीच: पडदाच पलीकडे ठेवायचा. केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी प्रयोगशाळेत नव्वदच्या दशकात तयार झालेलं ‘व्हीएनसी’ दूरच्या लिनक्स संगणकावर एक आभासी पडदा उभा करतं. प्रोग्राम त्या पडद्यावर चित्र काढत राहतो. आपल्याकडे येतं ते फक्त त्याचं प्रतिबिंब. जोडणी तुटली तरी पडदा जागेवर असतो. ‘एक्सप्रा’ हेच काम एकेका खिडकीपुरतं करतं. अट एकच: प्रोग्राम पहिल्यापासून त्या पडद्यावरच सुरू केलेला हवा. साध्या जोडणीवर उघडलेली खिडकी नंतर तिकडे हलवणं सहसा जमत नाही.

विंडोजवाल्यांकडे ही सोय तयारच आहे, फक्त बटण चुकतं. मार्च एंडला धुळ्यातला अकाउंटंट घरून ‘रिमोट डेस्कटॉप’ने ऑफिसच्या संगणकावरचं टॅली उघडतो. रात्री वरच्या फुलीवर क्लिक करून निघाला तर तो फक्त ‘डिस्कनेक्ट’ होतो आणि सकाळी टॅली होतं तसं सापडतं. ‘साइन आउट’ केलं तर सगळे प्रोग्राम बंद होतात. काही ऑफिसांत डिस्कनेक्ट झालेलं सेशन ठरावीक वेळाने आपोआप संपवलं जातं, तेवढं आधी विचारून घ्यावं.

आणि ऑफिसमधलीच लाइट गेली तर? विहिरीवरची लाइट गेल्यावर घरून कितीही फोन लावा, मोटर फिरत नाही. म्हणून त्या संगणकाला यूपीएस लागतो, त्याचा ‘स्लीप’ बंद ठेवावा लागतो. मोठी गणितं करणारे बरेच प्रोग्राम तर दर थोड्या वेळाने आपली प्रगती फाइलीत लिहून ठेवतात, म्हणजे लाइट आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.