ठळक अक्षराच्या पोटातली पांढरी जागा

विट्याच्या एसटी स्टँडवर उभं राहून समोरच्या पाट्या वाचा. ‘विटा’ हाच शब्द घ्या. वेलांटीचा दांडा, ‘व’चा दांडा, ‘टा’चा काना असे तीन पूर्ण उंचीचे दांडे, आणि मध्ये ‘ट’चा छोटासा दांडा. आता हे सगळे जाड करा. ‘व’च्या पोटातली पांढरी जागा मिटू लागते. खरं तर डोळा अक्षर ओळखतो ते शाईइतकंच या पांढऱ्या जागेवरून.

१९व्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जाहिरातींसाठी लठ्ठ रोमन अक्षरं निघाली: दांडे भरभक्कम, आडव्या रेषा केसासारख्या. देवनागरीत हा बाज ‘रोझा वन’मध्ये दिसतो. ‘इंडियन टाइप फाउंड्री’चा हा फॉन्ट मोफत मिळतो. पण देवनागरीचं वळण घडलं तिरक्या कापलेल्या बोरूतून, त्यात जाडी रोमनच्या उलट्या तिरप्या दिशेला येते. म्हणून रोमनचे नियम इथं जसेच्या तसे लावता येत नाहीत.

मला अधिक भावतो तो मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मोदक’. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी त्याची देवनागरी घडवली. त्यात पांढरी जागा उरते ती बारीक फटीएवढी, तरी ‘व’ आणि ‘ब’ वेगळे कळतात!

अशी अक्षरं पाटीवर, मथळ्यावर वापरावीत. लग्नपत्रिकेतल्या बारीक मजकुरात घातली, तर छपाईत शाई पसरते, त्या फटी बुजतात आणि पाहुण्यांची नावंच वाचता येत नाहीत.