आधी कवच, मग कात्री

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात असो की मुंबईच्या एखाद्या कॉलेजात, सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्याची प्रोटियस या जीवाणूशी गाठ पडतेच. मूत्रमार्गाच्या संसर्गातला हा नेहमीचा संशयित. पेट्री डिशमध्ये त्याचा ठिपका लावा, तो जागच्या जागी वाढत नाही. वर्तुळाबाहेर वर्तुळ काढत सगळी डिश व्यापून टाकतो. बघत राहावं असंच दृश्य! पण मला विचाराल तर याहून मोठं आश्चर्य डोळ्यांना दिसतच नाही. प्रोटियस व्हल्गॅरिस या प्रजातीत सापडलेल्या डीएनएच्या एका इवल्याशा कड्यावर ते लिहिलेलं आहे.

त्या कड्यावरची तीन जनुकं पाहू. पहिल्यापासून बनते एक कात्री, म्हणजे डीएनए कापणारं एन्झाइम. डीएनएच्या लिपीतली सी-ए-जी-सी-टी-जी अशी सहा अक्षरं ओळीनं दिसली की ते नेमकं मधोमध कापतं. घुसखोर विषाणूचा डीएनए असा तुकडे होऊन पडतो. अशा कात्र्यांच्या शोधासाठी वर्नर आर्बर, डॅनियल नेथन्स आणि हॅमिल्टन स्मिथ यांना १९७८चं नोबेल मिळालं.

पण ही सहा अक्षरं जीवाणूच्या स्वतःच्या डीएनएत नसतात का? असतात की! कोणताही सहा अक्षरांचा क्रम निव्वळ योगायोगानं सरासरी ४०९६ अक्षरांत एकदा येतो. ई. कोलाय या दुसऱ्या एका जीवाणूचं उदाहरण घ्या, त्याचा डीएनए सुमारे ४६ लाख अक्षरांचा. म्हणजे हिशेबानं हजारभर जागा, आणि प्रत्येक जागी मरण.

इथे दुसरं जनुक कामी येतं. त्याचं एन्झाइम त्या सहांतल्या एका 'सी'ला मिथाइल नावाचा चिमुकला गट चिकटवतं. एक कार्बन, तीन हायड्रोजन, बस्स! एवढ्या खुणेवर कात्री ती जागा सोडून देते.

काही जीवाणूंत ही दोन्ही कामं एकच प्रथिन करतं. दूध आंबवणाऱ्या लॅक्टोकॉकसमधल्या अशाच एका प्रथिनाची रचना पुण्याच्या आयसर या संशोधन संस्थेतले के. सैकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली उलगडली. खूण करणारा भाग, कापणारा भाग आणि डीएनएवरून धावणारं इंजिन, सगळं एकाच साखळीत. प्रोटियसमध्ये मात्र कात्री वेगळी आणि खूण करणारं एन्झाइम वेगळं. तिथूनच खरा पेच सुरू होतो.

कारण असं कडं एका जीवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतं. नव्या घराच्या डीएनएतल्या हजारभर जागांपैकी एकीवरही खूण नसते. दोन्ही एन्झाइमं एकदमच तयार झाली तर घर आणि पाहुणा दोघंही संपले. खूण आधीच व्हायला हवी. पण ना मेंदू, ना घड्याळ. 'आधी' आणि 'नंतर' हे त्या पेशीला कळणार कसं?

उत्तर तिसऱ्या जनुकात आहे. ते एक लहानसं नियंत्रक प्रथिन बनवतं. खूण करणाऱ्या एन्झाइमला कुणाची परवानगी लागत नाही, ते आल्या आल्या कामाला लागतं. कात्रीचं जनुक मात्र नियंत्रकाच्या जनुकाला जोडलेलं आहे, दोन्ही एकाच आज्ञेनं चालू होतात, आणि ती आज्ञा जोरात द्यायला नियंत्रकच लागतो! सुरुवातीला तो जेमतेम झिरपतो. ते थोडंसं प्रथिन स्वतःचंच जनुक चेतवतं, त्यातून आणखी प्रथिन, त्यातून आणखी. हे थेट विरजणासारखं आहे. चमचाभर दह्यानं पातेलंभर दूध विरजतं, पण लगेच नाही, वेळ जावा लागतो. तो वेळ हेच इथलं घड्याळ. पुढे नियंत्रक फार झाला की तो जनुकावरच्या शेजारच्या जागीही बसतो आणि स्वतःचंच उत्पादन रोखतो. चेतवणाराही तोच, आवरणाराही तोच.

इवोना म्रुक आणि रॉबर्ट ब्लुमेंथल या संशोधकांनी २००८ साली हे प्रत्यक्ष मोजलं. एका विषाणूच्या पाठीवर ही जनुकं घालून त्यांनी ती ई. कोलायच्या पेशींत जवळजवळ एकाच वेळी सोडली. खूण करणाऱ्या एन्झाइमनंतर सुमारे दहा मिनिटांनी कात्री आली. नियंत्रकाचं जनुक बिघडवलं, तर तिचं प्रमाण वाढलंच नाही. दहा मिनिटं! अनुकूल परिस्थितीत जो जीव वीस मिनिटांत दुप्पट होतो, त्याच्या आयुष्यात हा केवढा मोठा अवधी.

आणि आता जे सांगतो ते मला सगळ्यात थरारक वाटतं. समजा, पेशीत आधीच दुसरं एक कडं नांदतं आहे. त्याची कात्री वेगळी अक्षरं कापते, खुणाही वेगळ्या, पण नियंत्रक मिळताजुळता. मग नवं कडं आत शिरतं. त्याला झिरपत थांबावंच लागत नाही, कारण तयार नियंत्रक पेशीभर आहे. कात्री तत्काळ चालू होते, नव्या जागांवर खुणा व्हायच्या आतच. पेशी मरते, आगंतुक कडंही तिच्याबरोबर जातं. नाकायामा आणि कोबायाशी या संशोधकांनी १९९८ साली अशा जोड्यांवर हे दाखवून दिलं. शेजारच्या पेशींत जुन्या कड्याच्या प्रती शाबूत राहतात आणि नव्याला त्या वस्तीत पाय रोवता येत नाही.