खडीची रास आणि तिच्यातील पोकळी

बागेतील पाऊलवाटेवर खडी पसरावयाची किंवा फुलझाडांच्या वाफ्याभोवती गोटे मांडावयाचे ठरले, की दगड किती मागवावा हा प्रश्न प्रथम उभा राहतो. माल कमी पडला तर वाट अर्धवट राहते आणि थोड्याशा खडीसाठी गाडीभाडे पुन्हा भरावे लागते. अधिक झाला तर उरलेला ढीग अंगण अडवून बसतो. शिवाय खडीसाठी फोडलेली टेकडी पुन्हा उभी राहत नाही. म्हणून हा हिशेब आधी नीट करणे अगत्याचे असते.

समजा, एका शाळेच्या बागेत २० मीटर लांब व १.५ मीटर रुंद अशी वाट करावयाची असून तिच्यावर ५ सेंटिमीटर जाडीचा थर हवा आहे. वाटेचे क्षेत्रफळ ३० चौरस मीटर होते. त्यास ०.०५ मीटर या जाडीने गुणले असता १.५ घनमीटर हे घनफळ मिळते. दाबल्यावर खडी खाली बसते व काही जमिनीत रुतते, यासाठी दहावा हिस्सा अधिक धरला तर १.६५ घनमीटर खडी लागेल. महाराष्ट्रात खडी ब्रासच्या मापाने विकली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात सुमारे २.८३ घनमीटर. तेव्हा ही गरज अर्ध्या ब्रासहून थोडी अधिक झाली.

परंतु माल वजनावर घ्यावयाचा असेल तर? दख्खनचा काळा पाषाण पाण्याच्या सुमारे २.९ पट जड असतो. त्या हिशेबाने १.६५ घनमीटरांचे वजन ४.८ टनांच्या आसपास येते. येथेच अनेकांची फसगत होते. कारण हे वजन अखंड शिळेचे आहे, खडीचे नव्हे. खड्याखड्यांमध्ये हवा असते आणि हवेला वजन जवळजवळ नाहीच.

ही पोकळी किती, हे कोणासही घरी मोजता येईल. दहा लिटरची बादली भिजवून निथळलेल्या खडीने काठोकाठ भरावी व मापाने पाणी ओतावे. साडेचार लिटर पाणी मावले, तर पोकळी शेकडा ४५ झाली. उरलेला दगड साडेपाच लिटर, म्हणजे सुमारे १६ किलोग्रॅम. एका घनमीटरात अशा १०० बादल्या मावतात. म्हणून घनमीटरभर खडीचे वजन १.६ टन आणि वाटेला लागणारी खडी सुमारे २.६ टन. पोकळीचा विचार न करणारा माणूस जवळजवळ दुप्पट माल मागवून बसेल!

खडे एकसारखे असतील, तर ते लहान आहेत की मोठे यावरून पोकळीचे प्रमाण फारसे बदलत नाही. लहान-मोठे खडे मिसळले, म्हणजे मात्र लहान खडे मोठ्यांमधील फटींत शिरतात व पोकळी कमी होते.

माल आल्यावर तो पुरेसा आहे की नाही, हे पाहण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) धान्याच्या राशीचे गणित आहे. राशीच्या परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करून त्यास उंचीने गुणावे, असा तो नियम. जाड्या धान्याच्या राशीची उंची परिघाच्या दहाव्या भागाइतकी, बारीक धान्याची अकराव्या व कुसळे असलेल्या धान्याची नवव्या भागाइतकी असते, असेही तेथे सांगितले आहे. दाणा जितका खरखरीत, तितकी रास उभट!

आता शाळेच्या दारी ओतलेल्या खडीच्या राशीचा परीघ दोरीने मोजता ७.२ मीटर भरला व उंची ०.९ मीटर, म्हणजे परिघाचा आठवा भाग, निघाली असे समजा. परिघाचा सहावा भाग १.२, त्याचा वर्ग १.४४, उंचीने गुणता घनफळ सुमारे १.३ घनमीटर. या नियमात परीघ व व्यास यांचे गुणोत्तर ३ धरलेले आहे, ३.१४ धरले तर उत्तर १.२४ येते. कसेही मोजले तरी मागविलेल्या १.६५ घनमीटरांपेक्षा माल बराच कमी आहे, आणि गाडीवाला निघून जाण्यापूर्वीच ते त्याच्या निदर्शनास आणून देता येते.